कारागीर मास्तर कसा होतो? आयटीआयच्या निदेशकपदाचे नियम, सोप्या भाषेत

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझं अधूनमधून जाणं होतं. तिथे लेथवर एक मामा आहेत. दहावी झाल्यावर हेल्पर म्हणून लागले, बघून बघून शिकले, आणि आता पंचवीस वर्षं मशीनवर उभे आहेत. एकदा मी तिथे असताना शेजारच्या मशीनवरच्या शिकाऊ पोराच्या कामाचा आवाज बदलला, करकर सुरू झाली. मामांनी आपल्या जॉबवरची, म्हणजे मशीनला लावलेल्या तुकड्यावरची नजर न हलवता सांगितलं, "टूल लई बाहेर काढलंयस, आत घे." पोरानं टूलपोस्ट, म्हणजे टूल धरणारा भाग, सैल केला, टूल आत सरकवून पुन्हा आवळला. करकर थांबली.

चहाच्या वेळी मामांनी मला विचारलं, "पेपरात आलंय, आयटीआयसाठी हजारो कोटी येणार म्हणून. आमच्यासारख्याला शिकवायला घेतील का हो तिथं?"

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख.

बातमी काय आहे?

मे 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या 1,000 शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी 60,000 कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले 30,000 कोटी केंद्राचे, 20,000 कोटी राज्यांचे आणि 10,000 कोटी उद्योगांचे. पाच वर्षांत 20 लाख तरुणांना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट आहे. याच योजनेत 50,000 प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. चर्चा होते ती नव्या मशीनची आणि इमारतींची. मला महत्त्वाचा वाटतो तो हा 50,000 चा आकडा. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन विकत मिळतं. त्याच्याशेजारी उभं राहून वीस पोरांना शिकवणारा माणूस असा विकत आणता येत नाही.

आणि तसा माणूस पुण्यात शोधायला फार लांब जावं लागू नये. भोसरी, पिंपरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मशीनवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. ती आयटीआयच्या वर्गात का दिसत नाहीत, हे समजायला आधी नियम बघावे लागतील.

नियम काय सांगतो?

आयटीआयमध्ये व्यवसाय शिकवणाऱ्याला महाराष्ट्रात शिल्प निदेशक म्हणतात. आपण नुसतं निदेशक म्हणू. इथे व्यवसाय म्हणजे ट्रेड: जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर (लेथवर काम करणारा), संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन. आयटीआयच्या पाट्यांवर हे शब्द दिसतात, बोलताना मात्र सगळे फिटर-टर्नरच म्हणतात.

निदेशकाची पात्रता केंद्र सरकारचं प्रशिक्षण महासंचालनालय ठरवतं. फिटर, टर्नरसारख्या अभियांत्रिकी ट्रेडना आत यायचे ढोबळमानानं तीन रस्ते आहेत. संबंधित शाखेची पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, हा पहिला. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव, हा दुसरा. तिसरा रस्ता कारागिराचा: त्या ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे आयटीआय पास झाल्याचं किंवा अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचं, आणि त्यानंतर तीन वर्षांचा अनुभव.

याशिवाय तिन्ही रस्त्यांनी येणाऱ्यांकडे आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे शिल्प निदेशक प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र शिकवायला शिकल्याचं असतं. त्यासाठी एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, त्याला सीआयटीएस म्हणतात. मुंबईत शीवजवळच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत आणि देशभरातल्या तशाच इतर संस्थांत तो चालतो.

याच नियमांत एक कलम आहे, जे फारसं कुणाला ठाऊक नसतं. एका ट्रेडसाठी दोन निदेशक असतील तर एक पदवी किंवा डिप्लोमावाला असावा आणि दुसरा आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप केलेला. निदेशक प्रमाणपत्र मात्र दोघांकडे हवं. म्हणजे हात काळे केलेला माणूस वर्गात असलाच पाहिजे, हे सरकारनं कागदावर मान्य केलेलं आहे. ज्यानं हे कलम घातलं त्याला कारखाना माहीत होता, असं मला नेहमी वाटतं.

मग मामांचं कुठे अडतं?

मामांकडे पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. नियम मागतो फक्त तीन. पण ते तीन प्रमाणपत्रानंतरचे हवेत, आणि मामांकडे प्रमाणपत्रच नाही. त्यांनी आयटीआय केलं नाही, अप्रेंटिसशिपची नोंद नाही. नियमाच्या दृष्टीनं ते टर्नरच नाहीत.

एसटीत कंडक्टरनं तिकीट मागावं आणि प्रवाशानं "मी स्वारगेटहून बसलोय, सगळ्यांनी बघितलंय" म्हणावं, तशी ही गत. कंडक्टरला बघितलेलं चालत नाही. त्याला तिकीट लागतं, आणि त्याच्या जागी तो चूक नसतो.

तिकीट नंतर काढायची सोय आहे का? आहे, पण ती दोन टप्प्यांची. कामाचा अनुभव असलेल्या माणसाला ठराविक अटींवर खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं. पास झालं की तेच राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर तीन वर्षं, आणि मग सीआयटीएस. म्हणजे आज पंचेचाळिशीला असलेला माणूस वर्गात पोहोचेपर्यंत पन्नाशीला टेकतो. वर पूर्ण वर्षभर रोजगार सोडून अभ्यासक्रमाला बसायचं. घरात मुलगी बारावीला, फ्लॅटचा हप्ता चालू, अशा वेळी कोण बसेल?

इथे एक गोंधळ फार होतो. गेल्या दहा वर्षांत बऱ्याच कामगारांना कौशल्य विकास योजनेतून 'आरपीएल'ची प्रमाणपत्रं मिळाली. आरपीएल म्हणजे आधीच अवगत असलेल्या कौशल्याची तपासणी करून दिलेली मान्यता. कल्पना उत्तम आहे. पण ते प्रमाणपत्र एखाद्या ठराविक कामापुरतं असतं, दोन वर्षांच्या आयटीआय ट्रेडच्या बरोबरीचं ते धरलं जात नाही. ते फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या माणसाला आयटीआयच्या खिडकीवर "हे चालत नाही" ऐकावं लागतं, तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं. कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, एवढंच खरं कारण.

पर्यायी परवाना म्हणजे काय?

अमेरिकेत सरकारी शाळांत शिकवायला राज्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी साधारणपणे पदवी लागते. पण गाड्यांची दुरुस्ती किंवा वेल्डिंग शिकवायला पदवीधर मिळेनात, तेव्हा राज्यांनी कारागिरांसाठी वेगळा दरवाजा केला. कॅलिफोर्नियात शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या आणि त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला व्यवसाय शिकवण्याचा प्राथमिक परवाना मिळू शकतो. त्याची मुदत तीन वर्षं. त्या मुदतीत, शिकवत शिकवतच, अध्यापनाचे वर्ग पूर्ण करायचे. मग पक्का परवाना. मिनेसोटा राज्यानं 2018 पासून परवान्यांच्या चार पायऱ्या केल्या. व्यावसायिक विषयांसाठी पहिल्या पायरीवर पदवीऐवजी पाच वर्षांचा संबंधित अनुभव चालतो. हा परवाना एका वर्षाचा असतो आणि ज्या शाळेला तो माणूस हवा आहे तिनंही अर्जात सामील व्हावं लागतं.

दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. कामातलं कसब अनुभवावरून मोजायचं, आणि शिकवण्याची कला नोकरीत आल्यावर शिकायला लावायची. आपल्याकडे दोन्ही कागद दाराबाहेरच मागतात. फरक एवढाच आहे, पण मामांच्या आयुष्यातली पाचेक वर्षं त्यात जातात.

ज्याला येतं, त्याला शिकवता येतं का?

खरी अडचण इथे आहे, आणि ती टाळून कुठलीही सवलत मागू नये असं माझं मत आहे.

फिटर ट्रेडला आलेल्या पोराला सुरुवातीलाच कानस हातात देतात. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि तो घासून सपाट करायचा. ऐकायला सोपं, पण पोराचा तुकडा सपाट येत नाही. गुण्या लावून उजेडाकडे धरला की मधे फुगवटा आणि दोन्ही कडांखालून उजेड. पुन्हा घासतो, पुन्हा तेच. हात सोलतात, चिडचिड होते.

कसबी फिटर पुढे होतो, कानस घेतो, दहा-बारा हात मारतो, तुकडा सपाट. "असं करायचं," म्हणतो. पोरानं काय पाहिलं? काहीच नाही. तो पुन्हा घासतो, पुन्हा फुगवटा.

शिकवायला शिकलेला निदेशक तुकड्याकडे बघतच नाही. तो आधी पोराचं कोपर बघतो. व्हाइसचे जबडे साधारण कोपराच्या उंचीला हवेत. पोरगा बुटका असेल तर पायाखाली फळी देतो. मग डावा पाय पुढे घ्यायला लावतो. मग सांगतो की कानस पुढे जायला लागते तेव्हा दाब डाव्या हाताचा जास्त, मधोमध आली की दोन्ही सारखे, आणि शेवटाला उजव्या हाताचा जास्त. हा दाब बदलला नाही तर कानस झोपाळ्यासारखी डुलते, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. पोराला पहिल्यांदाच आपली चूक समजते.

कसबी फिटरचे हात हेच करत असतात, पण आपण दाब बदलतो हे त्याच्या ध्यानातही नसतं. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस म्हणून. सांगता येत नाही. वर्षानुवर्षं केलेलं काम हातात इतकं मुरतं की तोंडाला सापडत नाही. निदेशकाच्या प्रशिक्षणात हे मुरलेलं बाहेर काढायला शिकवतात. एका कामाचे बारीक तुकडे करायचे, कुठल्या तुकड्यावर नवखा अडखळतो ते ओळखायचं, आणि धड्याच्या चार पायऱ्या सांभाळायच्या: तयारी, सादरीकरण, विद्यार्थ्याकडून करवून घेणं, आणि तपासणी. बहुतेक कारागीर दुसऱ्या पायरीवर थांबतात. त्यांच्या उस्तादानंही तेवढंच केलेलं असतं.

जर्मनीनं एकदा करून पाहिलं

जर्मनीतल्या कारागिरीची सगळी मदार 'माइस्टर' या पदवीवर आहे. माइस्टरच्या परीक्षेचे चार भाग असतात: प्रत्यक्ष काम, त्यामागचं शास्त्र, धंद्याचा हिशोब आणि कायदा, आणि चौथा भाग म्हणजे शिकाऊंना शिकवण्याची पात्रता. शिकवता येत नसेल तर माइस्टर होता येत नाही. आणि तिथल्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात माइस्टर सहाव्या पातळीवर आहे, विद्यापीठाच्या बॅचलर पदवीच्या बरोबरीला.

कारखान्यांत शिकाऊ ठेवणाऱ्यांनाही तिथे शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा असते. 2003 मध्ये सरकारला वाटलं, ही अट काढली तर जास्त कंपन्या शिकाऊ घेतील. अट स्थगित केली. काही कंपन्या नव्यानं आल्याही. पण ज्या ठिकाणी पात्रताधारक नव्हता तिथे शिकाऊ मधेच सोडून जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं, दर्जाच्या तक्रारी वाढल्या. ऑगस्ट 2009 पासून अट परत आणली.

आपल्याकडे कुणी "कारागिरांना सरसकट घ्या, कागद कशाला हवेत" म्हटलं की मला ही सहा वर्षं आठवतात. मामांसाठी दरवाजा हवाच, पण चौथा भाग वगळून नको.

आपल्याकडे असे दरवाजे आहेत का?

आहेत, पण विखुरलेले. निदेशक प्रमाणपत्राचा एक आरपीएल प्रकार नियमांतच मान्य केलेला आहे. वर्षभराचा वर्ग न करता अनुभवाच्या आधारे तपासणी देऊन तो मिळवता येतो. मात्र त्याचा लाभ मुख्यतः आधीपासून शिकवत असलेल्यांना होतो. कौशल्य विकासाच्या अल्प मुदतीच्या केंद्रांसाठी प्रशिक्षक प्रमाणपत्र वेगळं असतं. तिथे कामाची परीक्षा वेगळी आणि शिकवण्याची वेगळी घेतात, दोन्हीत पास व्हावं लागतं. ही रचना मला आयटीआयपेक्षा सरळ वाटते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाळांसाठी स्थानिक कलाकार-कारागिरांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून घ्यायची शिफारस केली आणि त्यांच्यासाठी छोटे अध्यापन अभ्यासक्रम सुचवले. कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या माणसाचा विचार करा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं एकसारखे ठोके उमटवण्याचं मठारकाम तो पिढीजात करतो. त्याच्याकडे कुठल्या ट्रेडचं प्रमाणपत्र असणार? त्याच्यासाठी हाच रस्ता.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हे धोरण यायच्या कितीतरी आधी झालेलं आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे हायस्कूलच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाकघरातलं काम, सगळं हातानं करून शिकायचं. आणि शिकवायला गावातली, ती कामं करणारी माणसं. आश्रमानं त्यांना नुसतं सोडून दिलं नाही, शिकवायचं कसं हेही त्यांना शिकवलं.

उच्च शिक्षणातलं उदाहरण तर अगदी ताजं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही व्यवस्था आणली. किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न लावता महाविद्यालयात शिकवायला घेता येतं, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत. बँकेतला अधिकारी किंवा कंपनीचा व्यवस्थापक या वाटेनं प्राध्यापक होऊ शकतो. लेथवरच्या माणसाला आयटीआयमध्ये अशी वाट नसावी, याचं मला वाईट वाटतं.

दर्जा घसरणार नाही का?

तपासणी काढून टाकली तर घसरेल. माझं म्हणणं तपासणीची जागा बदलण्याचं आहे. औंधच्या आयटीआयमध्ये मशीन आहेत. उमेदवाराला ड्रॉइंग द्या, धातूचा तुकडा द्या, आणि दिलेल्या मापाच्या मर्यादेत दिवसभरात जॉब काढून दाखवायला सांगा. दुसऱ्या दिवशी पाच-सहा नवख्या पोरांसमोर एक लहानसा धडा घ्यायला लावा. कुणाला येतं आणि कुणाला येत नाही हे दोन दिवसांत कळतं. पास झाला तर दोन वर्षांची मुदतीची नेमणूक, एका जुन्या निदेशकाच्या देखरेखीखाली, आणि त्या काळात शनिवारी अध्यापनाचे वर्ग. वर्ग पूर्ण नाही तर मुदतवाढ नाही.

खोट्या अनुभवपत्रांचं काय, असंही विचारलं जातं. रास्त भीती आहे. लेटरहेड छापायला कितीसा वेळ लागतो? पण म्हणूनच हाताची परीक्षा. खोटं पत्र आणता येतं, मशीनवर खोटा जॉब काढता येत नाही.

गणित आणि ड्रॉइंग कोण शिकवणार?

आयटीआयमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन, ड्रॉइंग आणि रोजगार कौशल्यं हे विषय वेगळे असतात, आणि त्यांच्या निदेशकांची पात्रताही वेगळी असते. सगळा भार एका माणसावर पडत नाही. तरीही मामांना ट्रेडची थिअरी सांगावी लागेलच. टूलचा कोन अमुक का ठेवायचा हे त्यांना माहीत असतं, पुस्तकातलं नाव माहीत नसतं. नावं शिकता येतात.

ज्यांनी सीआयटीएस केलंय त्यांच्यावर अन्याय नाही का?

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. एक वर्ष घालवून, पैसे घालवून प्रमाणपत्र घेतलेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबानं मिळणाऱ्या पैशांवर शिकवतात. दर वर्षी काम मिळेल की नाही ही टांगती तलवार. त्यांच्यासमोर दुसरा दरवाजा उघडला तर त्यांना राग येणारच. तेव्हा रिक्त पदांवर आधी पूर्ण पात्रताधारक घ्यावेत, आणि पर्यायी मार्ग त्या ट्रेडमध्ये उघडावा जिथे पात्रताधारक मिळतच नाहीत. अमेरिकेतल्या शाळाही आधी रीतसर परवानावाले शोधतात. आणि पर्यायी मार्गानं आलेल्याला स्वस्तात राबवून घेण्याची पळवाट होता कामा नये. मानधन दोघांना सारखंच हवं.

पगाराचा मुद्दा उलट्या बाजूनंही येतो. चाकणच्या कंपनीतला कसबी सीएनसी ऑपरेटर चालू पगार सोडून तासिकांवर का येईल? पूर्णवेळ येणार नाही, हे उघड आहे. पण आठवड्यातून दोन दिवस, किंवा साठीजवळ आल्यावर, जेव्हा आठ तास उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही तेव्हा, पुष्कळ जण येतील. आज नियमात अर्धवेळ कारागीर-निदेशकाची धड जागा नाही. ती करायला हवी.

मामांना मी काय सांगितलं?

सरळ नाही, पण वळसा घालून हो. आधी व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसायच्या अटी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारा. मालकाकडून कामाच्या वर्षांचं पत्र घ्या, त्यात कुठल्या मशीनवर काय काम केलं ते लिहून घ्या, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी काढून ठेवा. थिअरीसाठी कुणाकडून तरी आयटीआयची टर्नरची पुस्तकं आणा. आणि निदेशक प्रमाणपत्राची घाई करू नका, त्याआधी ते शेजारच्या मशीनवरचं पोरगं आहेच.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्या पोराचं टूल पुन्हा बाहेर आलं होतं. मामांनी आपलं मशीन बंद केलं, त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, "आवाज ऐकलास? आता तूच सांग, कशानं येतोय?" पोरगं गप्प. मामाही गप्प राहिले. मग त्यानं खाली वाकून टूलपोस्टकडे पाहिलं.